उतरवण्याचा क्रम

पहाटे ५.१०

जूनचा मध्य. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्रिम्सबीत, या दिवसांत साडेचारलाच उजाडतं. मी उठते तेव्हा खिडकीत ऊन आलेलं असतं. चहाचं आधण ठेवायच्या आधी मी लाटा बघते, फोनवर.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे अंदाज आम्ही विकत घेतो. आज पहिला म्हणतो, संध्याकाळपर्यंत लाट १.१ मीटरच्या वर जाणार नाही. दुसरा म्हणतो, दुपारनंतर १.४. हा आकडा म्हणजे मोठ्यातल्या मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. त्यामुळे आकडा दीड मीटर असला तरी त्यात एखादी लाट जवळपास तीन मीटरची निघू शकते. आमच्या छोट्या बोटींची मर्यादा बरोबर तेवढीच आहे, दीड मीटर.

दोन्ही अंदाजांचं एका गोष्टीवर एकमत आहे. आज वारा सेकंदाला सहा मीटर, आणि रात्रीपासून पुढचे तीन दिवस बारा किंवा जास्त. म्हणजे जे काही करायचं ते आजच.

माझं काम समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या देखभालीचं नियोजन करायचं. गावाकडे आई सांगते, "ती पंख्यांच्या कंपनीत आहे."

५.४५

ऑफिस धक्क्यावरच आहे. येताना ग्रिम्सबीचा डॉक टॉवर दिसतो. १८५२ साली बांधलेला, ९४ मीटर उंच, लाल विटांचा. वर पाण्याची टाकी होती आणि त्या पाण्याच्या दाबावर खालची लॉक गेट्स आणि क्रेन चालायच्या. आमच्या पवनचक्कीच्या पात्याचं टोक त्याच्या दुपटीहून वर जातं, पण जहाजावरून परतणाऱ्याला आधी दिसतो तो हाच.

हे एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. आइसलंडशी कॉड माशावरून झालेली भांडणं १९७६ मध्ये मिटली, ती आइसलंडच्या बाजूने, आणि इथल्या दूरच्या पाण्यात जाणाऱ्या बोटी हळूहळू भंगारात गेल्या. आता त्याच धक्क्यांवरून पवनचक्क्यांच्या बोटी सुटतात. मी कोकणातल्या हर्णैची. माझे बाबा मासेमारी बोटीवर तांडेल. मासळी गेल्यावर बंदर कसं दिसतं, हे मला इथे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

६.००

रात्रीच्या अलार्मची यादी. प्रत्येक टर्बाइन दर क्षणी शेकडो गोष्टी कळवत असते: तेलाचं तापमान, पात्याचा कोन, गिअरचा थरथराट. रात्रीत तीन बंद पडल्या. एक कंट्रोल रूमने इथूनच रीसेट करून चालू केली. डी-४ चा एक सेन्सर गेलाय. आणि सी-७ चा आजार खरा आहे. एका पात्याला फिरवणारा हायड्रॉलिक सिलिंडर गळतोय. वाऱ्याप्रमाणे पात्याचा कोन बदलता येत नसेल, तर टर्बाइन स्वतःच थांबते. थांबायलाच हवं.

आमची एक टर्बाइन आठ मेगावॅटची. पूर्ण वाऱ्यात ती एका तासात जेवढी वीज देते, तेवढी इथल्या तीन साधारण घरांना वर्षभर पुरते. पुढचे तीन दिवस वारा पूर्ण असणार. सी-७ बंद राहिली तर दोनशेहून अधिक घरांची वर्षाची वीज गेली असं समजायचं.

पण यादीत आणखी एक नाव आहे आणि ते अलार्मचं नाही. बी-२ ठणठणीत चालू आहे. तिच्या आतल्या लिफ्टच्या तपासणीची मुदत मात्र शनिवारी संपते. माणसं वर नेणाऱ्या कुठल्याही यंत्राची दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावीच लागते, हा इथला कायदा आहे. मुदत संपली की त्या लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. मग टर्बाइन बिघडली, तर दुरुस्तीचं सामान शंभर मीटर शिडीने न्यायचं का? म्हणून बंद पडलेली बाजूला ठेवून चालू असलेल्या टर्बाइनकडे आधी माणसं पाठवावी लागतात. नवख्या माणसाला हे पटायला एक हिवाळा जावा लागतो.

६.२०

सकाळची बैठक. उभ्यानेच, फळ्यासमोर. बोटीचा कप्तान, समुद्रावर कोण कुठे आहे याचा हिशोब ठेवणारा समन्वयक, चार टोळीप्रमुख आणि मी.

आज बोट एकच. दुसरी इंजिनाच्या कामासाठी गोदीत आहे. बोटीत जागा बारा. टर्बाइनवर एकट्या-दुकट्याने जायचं नाही, तिघांची टोळी, म्हणजे चार टोळ्या. आमच्या धंद्यात टेक्निशियन कमी पडत नाहीत, पैसेही कमी पडत नाहीत. कमी पडतात त्या बोटीतल्या जागा आणि शांत समुद्राचे तास.

मी फळ्यावर क्रम लिहिते: बी-२, मग वार्षिक सर्व्हिस चालू असलेली ए-९, मग सी-७, शेवटी डी-४. बी-२ वाटेवर पहिली लागते, ए-९ तिच्या शेजारी. हा मार्ग सरळ आहे, इंधन कमी लागतं. कप्तान मान डोलावतो. कुणी काही विचारत नाही.

आज वारा कमी, म्हणून काम जास्त. या धंद्याचा पेच हाच आहे. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्शावर येते. बाराच्या वाऱ्यात आठ मेगावॅट देणारी टर्बाइन सहाच्या वाऱ्यात जेमतेम एक मेगावॅट देते, म्हणजे तिला सर्व्हिससाठी बंद ठेवायला असे दिवस स्वस्त. उलट जेव्हा ती सोन्यासारखी कमावते, तेव्हा समुद्र असा असतो की तिच्याजवळ कुणाला फिरकता येत नाही. जो वारा पगार देतो, तोच दार लावून घेतो.

६.४०

स्टोअर. इथे मी रोज स्वतः जाते, जायची गरज नसली तरी.

सी-७ ची पिशवी टेबलावर उघडी आहे. सील, होस, तेल पुसायची फडकी, हवा काढायची नळी. मी टॉर्क पान्याचा हात उलटा करून बघते. त्यावर टिकलीएवढा हिरवा स्टिकर असतो: हा पाना शेवटचा कधी तपासला, पुन्हा कधी तपासायचा. या पान्यावरची तारीख परवाची, होऊन गेलेली. पाना चांगला आहे, कालही त्याने नट बरोबर आवळले असते. पण त्याने आवळलेला एकही नट कागदावर आवळलेला धरला जाणार नाही. स्टोअरवाला काही न बोलता दुसरा पाना काढून देतो आणि पहिला लाल पेटीत टाकतो.

माझी पहिली नोकरी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर होती, पवनचक्क्यांच्याच देखभालीची. तिथे एकदा टॉवर चढून गेल्यावर कळलं, सॉकेट चुकीच्या मापाचा आणलाय. सोबतचा मोटरसायकलवरून खाली गेला, दोन तासांनी योग्य सॉकेट घेऊन आला, येताना वडापावही आणला. काम झालं, कुणाला पत्ता लागला नाही. इथे तोच सॉकेट विसरला की अख्खा दिवस गेला, आणि जूनमधला शांत दिवस गेला की पुढचा कधी ते कुणी सांगत नाही.

७.०५

बोट सुटली. हंबर नदीच्या मुखाला मोठ्या भरतीला पाणी सहाएक मीटर चढतं-उतरतं. मुंबईच्या उधाणापेक्षाही जास्त. बोट कधी आत-बाहेर काढायची ते घड्याळाबरोबर भरतीच्या तक्त्यालाही विचारावं लागतं.

आमच्या टर्बाइनपर्यंत ऐंशी मिनिटं. हिशोब सोपा आहे आणि म्हणूनच टोचतो. पाळी बारा तासांची. जायला-यायला पावणेतीन तास. एकेका टोळीला उतरवत जायला तास. शिडी, लिफ्ट, वीज तोडून कुलूप लावणं, परमिटवर सह्या, डबा. बारा तासांतून प्रत्यक्ष पान्याला हात लागतो तो पाच-साडेपाच तास.

याहून दूरच्या पवनशेतांना ही पद्धत परवडतच नाही. ग्रिम्सबीतूनच ज्याचा कारभार चालतो ते हॉर्नसी वन यॉर्कशरच्या किनाऱ्यापासून १२० किलोमीटरवर आहे, १७४ टर्बाइनचं. तिथे टेक्निशियन मोठ्या जहाजावर एकेक-दोन आठवडे राहतात आणि लाटांबरोबर आपोआप तोल सावरणाऱ्या पुलावरून टर्बाइनवर चालत जातात.

८.३०

पहिली टोळी उतरतेय. मी पडद्यावर ठिपके बघते, पण ठिपक्यामागे काय चाललंय ते मला माहीत आहे. वर्षातून दोनदा तरी मी स्वतः जाते.

टर्बाइनच्या पायथ्याला दोन उभे जाड नळ असतात, मधे शिडी. बोट आपलं रबरी नाक त्या नळांवर टेकवते आणि इंजिनाचा जोर लावून तिथेच दाबून धरते. जोर लाटेपेक्षा जास्त असला तर नाक चिकटून राहतं. कमी पडला तर बोट अचानक घसरते, वर किंवा खाली. टेक्निशियन पाणी आत न शिरणाऱ्या जाड सूटमध्ये, लाइफ जॅकेट घालून, नाकावर उभा. डेकवरचा खलाशी त्याच्या खांद्यावर हात ठेवून लाटा मोजत असतो. तो हात उचलेपर्यंत हलायचं नाही. मग एक पाऊल. फक्त एकच. ते पडलं की मागे बघायचं नाही, शिडी चढत सुटायचं, कारण पुढची लाट बोटीला तुमच्या पायांपर्यंत वर आणू शकते.

बी-२ ला साडेआठ, ए-९ ला नऊ, सी-७ ला नऊ पंचवीस. डी-४ ला पावणेदहा. बारा माणसं चार ठिकाणी. समन्वयक फळ्यावर बारा चुंबक हलवतो. संगणकावरही सगळं आहे, पण वीज गेली तरी फळा राहतो.

९.५०

आता लांबचं काम. माझ्या टेबलावर तीन योजना एकाच वेळी चालू असतात: उद्याची, दोन आठवड्यांची आणि वर्षाची. वर्षाची म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर शांत पाण्यात वार्षिक सर्व्हिस उरकणं, आणि मोठं काही बदलायचं असेल तर त्यासाठी जहाज ठरवणं. ही जहाजं समुद्राच्या तळावर आपले पाय रोवून स्वतःला पाण्याबाहेर उचलतात, मगच त्यांची क्रेन पातं किंवा जनित्र उचलते. ती महिनोन्‌महिने आधी सांगून ठेवावी लागतात, आणि आल्यावर समुद्र उसळला तर भाडं आपल्या माथी, काम शून्य.

समुद्रातल्या पवनचक्कीच्या आयुष्यभराच्या खर्चात देखभालीचा वाटा ढोबळ मानाने पाव ते एक-तृतीयांश धरतात. हे शहाणपण अनुभवातून आलंय. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीला समुद्रातलं पहिलं पवनशेत उभं केलं, अकरा छोट्या टर्बाइनचं, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात. पुढे २००२ मध्ये उघड्या उत्तर समुद्रात हॉर्न्स रेव्हला ऐंशी टर्बाइन उभ्या राहिल्या. दोन वर्षांत त्यांचे ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रं दगा देऊ लागली, आणि २००४ मध्ये ऐंशीच्या ऐंशी यंत्रं उतरवून किनाऱ्यावर दुरुस्तीला आणावी लागली. जमिनीवर जे यंत्र चालतं ते खाऱ्या हवेत चालेलच असं नाही, आणि न चाललं तर त्याच्यापर्यंत पोचणं हेच खरं काम, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

११.४०

कप्तानाचा फोन. लाट अजून १.१ च आहे, पण तिचा ताल बदललाय, तो म्हणतो. दोन लाटांमधलं अंतर वाढतंय. उत्तरेला कुठेतरी वारा वाजतोय आणि त्याची फुगवट इथे पोचायला लागलीय. वरच्या बाजूच्या बोयांचे आकडे मी बघते. तो म्हणतो ते खरं आहे. दुसरा अंदाज बरोबर निघतोय, आणि थोडा लवकर.

"साडेतीनला शेवटचा माणूस बोटीत हवा," तो सांगतो. इथे वाद नसतो. किनाऱ्यावरच्या कुणीही, साहेबानेही, कप्तानाला "थोडं थांब" म्हणायचं नाही.

११.५०

सी-७ चा टोळीप्रमुख वायरलेसवर. रोटरमध्ये पिन घालून तो जाम केलाय, वीज तोडलीय, जुना सिलिंडर काढायची तयारी झालीय. "काढू का?"

माझ्या कामाचं मर्म याच प्रश्नात आहे. प्रत्येक कामाला थांबे असतात. सिलिंडरच्या कामाला दोन: जुना काढण्याआधी, आणि नवा बसवून नट पुरते आवळल्यानंतर. मधे थांबा नाही. अर्धवट सुटलेलं पातं आणि पिन घातलेला रोटर तीन दिवसांच्या वाऱ्यात सोडून येता येत नाही. रोटर मोकळा, पाती वाऱ्याला धार दाखवत, संथ फिरत ठेवायची असतात. जाम केलेल्या रोटरवर वादळाचा सगळा मार एकाच जागी बसतो.

पहिल्या थांब्यापासून दुसऱ्यापर्यंत साडेतीन तास. म्हणजे तीन वीस. सामान बांधून खाली यायला चाळीस मिनिटं. चार वाजता. कप्तान म्हणतो साडेतीन.

अर्धा तास.

टोळीप्रमुख गप्प आहे. तो म्हणणार नाही, पण तो हे काम तीन तासांत करू शकतो, मी त्याला पाहिलंय. आणि राहिलेच वर, तर टर्बाइनमध्ये पाणी, कोरडं खाणं, झोपायच्या पिशव्या असतात. ते सगळं मला दिसतंय. दोनशे घरंही दिसतायत.

"काढू नका," मी सांगते. "पिन काढा. नवा सिलिंडर वर ओढून घ्या, नीट बांधून ठेवा. फिल्टर बदला. पुढच्या फेरीचा तासभर वाचवा."

"ठीक," तो म्हणतो. एवढंच.

१२.३०

हर्णैला संध्याकाळचे पाच. बाबांचा फोन याच वेळेला येतो, विशेषतः या दिवसांत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्याकडे मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, झापांनी झाकलेल्या, आणि बाबा पडवीत बसून जाळी सांधतायत.

"बाय, बोट गेली काय आज?"

"गेली. पण एक काम अर्ध्यावर सोडायला लागलं."

मी सगळं सांगते. पिन, सिलिंडर, साडेतीन तास. त्यांना सिलिंडर कळत नाही, पण बाकीचं चटकन कळतं.

"जालं टाकायला कोन पन टाकील," ते म्हणतात. "ओढायचा येल धरून टाकतो तो तांडेल." मग थोडं थांबून, "पन तू त्यांना तिसऱ्या लंबरावर कशाला उतरवलंस?"

मी म्हणते, वाटेवर बी-२ आधी लागते. ते काही बोलत नाहीत. फोनवर नायलॉनचा दोरा ओढल्याचा आवाज येतो.

मग विषय गुजरातकडे वळतो. तिकडे समुद्रात पंखे येणार असं त्यांनी ऐकलंय. खरं आहे. खंबातच्या आखातात २०१७ पासून वारा मोजलाय. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली: गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर पाच-पाचशे मेगावॅट, त्यातले सहाशे कोटी दोन बंदरं सुधारायला. बाबा विचारतात, "पावसाल्यात कोन जानार दुरुस्तीला?"

प्रश्न बरोबर आहे. इथे जून म्हणजे आमचा हंगाम. तिथे जून म्हणजे दर्या बंद. इकडची वार्षिक योजना नुसती उचलून तिकडे नेता येणार नाही, ती सहा महिन्यांनी फिरवावी लागेल: सर्व्हिस नारळी पौर्णिमेनंतर सावकाश सुरू करून मे संपायच्या आत संपवायची. आणि पावसाळ्यात, वारा सगळ्यात जोरात असताना, एखादी बंद पडली तर? तिथे छोट्या बोटीचा उपयोग नाही. मोठं जहाज लागेल, किंवा बिघडायच्या आधीच ओळखणारी माणसं. त्यातली काही हर्णैसारख्या बंदरातून मिळाली तर मला नवल वाटणार नाही.

३.३०

बारावा माणूस बोटीत. समन्वयक बारा चुंबक बोटीच्या चौकटीत सरकवतो आणि तेव्हाच खुर्चीला टेकतो. लाट १.३. बी-२ ची तपासणी झाली, सहा महिन्यांची निश्चिंती. ए-९ ची सर्व्हिस एक दिवस उरली. डी-४ चालू झाली. सी-७ बंद.

५.००

बोट धक्क्याला लागली. टोळ्या पिशव्या घेऊन वर येतात, तोंडावर मीठ सुकलेलं. सी-७ चा प्रमुख परमिट परत करतो, नव्या सिलिंडरचा फोटो दाखवतो: नॅसेलच्या, म्हणजे टॉवरवरच्या यंत्रखोलीच्या, कोपऱ्यात चार पट्ट्यांनी बांधलेला, वर हाताने लिहिलंय, "हलवू नये."

कंट्रोल रूममधला तरुण पोरगा बोयाचा आलेख मोठा करून बघतोय. चार वाजता लाट १.४ होती. साडेचारला १.६. "झालं असतं," तो म्हणतो. दुखवायचं म्हणून नाही, नुसता आकडा वाचल्यासारखं.

चारला १.४. बरोबर. काढू नका म्हटलं नसतं तर चार वाजता ते तिघं शिडीवर असते, आणि काम झालेलं असतं. किंवा एखादा नट अडकला असता आणि साडेचार वाजले असते. याचं उत्तर आलेखात नाही, म्हणून त्यावर मी बोलत नाही.

पण दुसरं एक उत्तर आहे आणि ते आलेखाशिवायही दिसतं. सकाळी सी-७ ला पहिलं उतरवलं असतं, तर ते जवळपास पाऊण तास आधी वर असते. जुना सिलिंडर अकराच्या सुमारासच काढायला घेतला असता. सव्वातीनपर्यंत खाली. कप्तानाच्या वेळेच्या आत, कुणाचाही जीव टांगणीला न लावता. बी-२ च्या तपासणीला मधे कुठेही थांबता आलं असतं. सी-७ ला नव्हतं. ज्या कामाला थांबे कमी, ते आधी उतरवायचं. हे मला माहीत होतं. सरळ मार्गाच्या नादात वीस मिनिटांचं इंधन वाचवलं.

६.१५

टर्बाइन बंद असण्याचं कारण संगणकात भरावं लागतं. यादीतून निवडायचं. मी "हवामान" निवडते, मग पुसते, "नियोजन" निवडते. साहेब उद्या विचारतील. सांगीन.

उद्या, परवा, तेरवा बोट नाही. बारा माणसांना किनाऱ्यावरचं काम द्यायचं: पान्यांची तपासणी, प्रशिक्षण, सर्व्हिसचे कागद. त्याच्या खाली पुढच्या शांत दिवसाचा तक्ता मी आजच मांडून ठेवते. बी-२ आता नाही. पहिल्या ओळीत सी-७, मग ए-९, मग जे रिकामं असेल ते. मार्ग वाकडा आहे, कप्तान कुरकुरेल.

तारखेचा रकाना रिकामा ठेवून मी दिवा मालवते.